हशाची वाट पाहणारं यंत्र

'कथासरित्सागरा'त सोमप्रभा नावाची एक मुलगी आहे, मयासुराची लेक. तक्षशिलेची राजकन्या कलिंगसेना तिची जिवलग मैत्रीण. एकदा सोमप्रभा मैत्रिणीसाठी एक करंडी घेऊन येते. आत लाकडाच्या बाहुल्या असतात. कळ दाबली की एक बाहुली आकाशात उडून फुलांची माळ घेऊन येते, दुसरी पाणी आणून देते, तिसरी नाचते, चौथी चक्क गप्पा मारते. कलिंगसेना त्यांच्यात इतकी रमते की तिची तहानभूक हरपते. आई घाबरते, वैद्याला बोलावते. वैद्य मुलीकडे नीट पाहतो आणि सांगतो की हा आजार नव्हे. हिला कशाचा तरी फार आनंद झालाय, विस्फारलेले डोळे आणि हसरा चेहरा पाहा.

सोमदेवानं ही गोष्ट अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिली. त्याच शतकात माळव्यात भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आला. यंत्रानं माणसाला रमवावं, ही कल्पना आपल्याकडे चांगली जुनी आहे. पण सोमप्रभेच्या बाहुल्या थक्क करतात, विनोद करत नाहीत. गप्पा मारणारी बाहुली काय बोलली, याचा तपशील सोमदेव देत नाही. आज मात्र जेमतेम दोन फूट उंचीचा रोबो कॅफेतल्या छोट्या रंगमंचावर उभा राहून पाच-सात मिनिटांचं स्टँडअप करतो आणि लोक त्याला हसतात. थक्क करण्यापासून हसवण्यापर्यंतची यंत्राची ही वाट फार वळणावळणाची आहे. या वाटेवर यंत्रं किती हुशार झाली, यापेक्षा माणूस नेमका कशाला हसतो हे हळूहळू उलगडत गेलं, आणि मला त्याचंच मोल अधिक वाटतं.

यंत्रांचा पहिला विनोद हा माणसाच्या फजितीचा होता. उत्तर फ्रान्सच्या आर्त्वा प्रांतात एदँ इथे एक किल्ला होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सरदारानं बागेत आणि महालात करमणुकीची यंत्रं बसवायला सुरुवात केली. पुढे बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं ती दुरुस्त करून वाढवली. त्या कामाबद्दल एका चित्रकाराला दिलेल्या पैशांचा १४३३च्या सुमाराचा हिशेब उपलब्ध आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. पाहुणा दालनात आला की खालून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत. कुठे अंगावर पीठ पडे, कुठे काजळी. मेजावर गाण्यांचं पुस्तक ठेवलेलं असे. वाचायला कुणी वाकलं की तोंड काळं. खिडकी उघडायला जावं, तर एक पुतळा पाणी उडवून खिडकी पुन्हा लावून घेई. एक लाकडी साधूही होता, तो बोलत असे.

ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ हेलब्रुन नावाचा महाल आहे. आर्चबिशप मार्कुस सिट्टिकुस यानं तो १६१३ ते १६१५ या काळात बांधून घेतला. बागेत एक लांबलचक दगडी मेज आहे आणि त्याभोवती दगडी बैठका. बैठकांना मधोमध भोक. मेजवानी रंगात आली की यजमान खूण करी आणि प्रत्येक बैठकीतून पाण्याची धार उसळे. यजमान उठल्याशिवाय पाहुण्यानं उठायचं नाही, असा शिरस्ता. म्हणून सगळे भिजत बसत. कोरडी राहणारी बैठक एकच होती, आर्चबिशपची. त्याच बागेत पाण्यावर चालणारा तांब्याचा एक मुखवटा आहे. तो डोळे फिरवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जीभ काढून दाखवतो. चारशे वर्षांपूर्वीचा हा वेडावणारा मुखवटा मला आजच्या विनोदी रोबोचा अस्सल पूर्वज वाटतो.

हेलब्रुनची ती कोरडी बैठक मात्र विसरू नये. यंत्र कुणाच्या हातात आहे आणि भिजतंय कोण, यावर त्या हसण्याचा सगळा अर्थ ठरत होता. भिजलेले पाहुणेही हसत असणार, पण त्यांच्या हसण्यात हुजरेगिरी किती आणि मौज किती, हे आता कोण सांगणार? गंमत अशी की ते मेज आजही चालू आहे. पर्यटक तिकीट काढून तिथे जातात, स्वखुशीनं बसतात, भिजतात आणि खिदळतात. तेच पाणी, तोच दगड. पण उठून जायची मुभा आहे, म्हणून ती थट्टा आता वेगळीच झाली आहे.

बोलक्या बाहुलीनं हे पारडं उलटं फिरवलं. शब्दभ्रमाच्या खेळात बाहुली कलावंताच्या मांडीवर बसते आणि त्याचीच खिल्ली उडवते. मराठी प्रेक्षकाला यासाठी दूर जायला नको. यशवंत केशव पाध्ये हे भारतातल्या शब्दभ्रमकलेचे आद्य कलावंत मानले जातात. त्यांचा अर्धवटराव पुढे रामदास पाध्यांनी घराघरांत नेला. १९९३च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू हाही पाध्यांच्याच हातचा. अर्धवटराव समोरच्या बड्या पाहुण्याला जे सुनावतो, ते माणसानं सुनावलं तर भांडण होईल. बाहुल्याला कुणी जबाबदार धरत नाही. आवाज माणसाचा आहे, हे प्रेक्षकाला पुरेपूर माहीत असतं. तरी तो बाहुल्याच्या तोंडाकडेच पाहत हसतो. 'हा माणूस नव्हे' एवढ्या एका सवलतीवर केवढं काही बोलता येतं, हे या कलेनं दाखवून दिलं. आजचे रोबो रंगमंचावर येतात तेव्हा हीच सवलत घेऊन येतात.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तत्त्वज्ञांनीही यंत्र आणि हसू यांची सांगड घातली. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यानं १९०० साली हास्यावर एक छोटेखानी पुस्तक काढलं. माणसाच्या जिवंत वागण्यावर यांत्रिकपणाचा थर चढला की आपण हसतो, हा त्याचा सिद्धान्त. घसरून पडणारा माणूस हसवतो, कारण रस्ता बदलला तरी पाय सवयीनं तसेच पडत राहिले. चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये (१९३६) कामगाराला जेवण भरवणारं यंत्र बिघडतं, तो प्रसंग पाहिलेल्याला बर्गसाँ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण त्याच पुस्तकात बर्गसाँनं आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि तिच्याकडे तेवढं लक्ष जात नाही. हसणं नेहमी गटाचं असतं, त्याला प्रतिसादाचा नाद लागतो. एकट्या, तुटलेल्या माणसाला विनोद जाणवत नाही, असं तो म्हणतो. पुढच्या शंभर वर्षांत यंत्रांवर जे प्रयोग झाले, त्यांनी बर्गसाँचं हे दुसरं म्हणणं पहिल्यापेक्षा जास्त खरं ठरवलं.

यंत्र विनोद सांगायला शिकलं त्याच्या कितीतरी आधी हसायला शिकलं. ग्रामोफोनच्या जमान्यात, १९२०च्या दशकात, ओके नावाच्या कंपनीची एक तबकडी अमेरिकेत तुफान खपली. तिच्यात एक वादक गंभीर सूर लावतो, एक बाई हसू लागते, मग एक पुरुष, आणि शेवटी नुसतं हसणंच उरतं. विनोद एकही नाही. तरी ऐकणारे हसून बेजार होत.

दूरचित्रवाणी आली तेव्हा निर्मात्यांपुढे एक अडचण उभी राहिली. घरी बसलेल्या प्रेक्षकाच्या आजूबाजूला नाट्यगृह नव्हतं. १९५० साली 'हँक मॅक्यून शो' या अमेरिकी मालिकेत ध्वनिमुद्रित हशा पहिल्यांदा वापरला गेला. पुढे सीबीएसमधला ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस यानं यासाठी खास पेटी बनवली. दोन फुटांहून उंच, कुलूपबंद. तिच्यात ३२ फितींवर मिळून ३२० हशे साठवलेले होते: बायकांचा, पुरुषांचा, दबका, खो खो, एकट्याचा, सभागृहभर उसळणारा. ऑर्गन वाजवावा तशी ती पेटी वाजवायची. बोटांनी हशाचा प्रकार निवडायचा आणि पायातल्या पट्टीनं तो किती लांबवायचा ते ठरवायचं. संवाद मिसळलेले नसावेत म्हणून त्यानं मूकाभिनयाच्या कार्यक्रमांतले हशे उचलले होते, असं सांगितलं जातं. पुढची काही वर्षं अमेरिकेतल्या बहुतेक विनोदी मालिकांचा हशा हा या एका माणसाच्या हातापायांतून निघत होता.

अनेकांना ही लबाडी वाटली, आणि ती होतीही. पण ती चालली का, याचं उत्तर रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञानं दिलं. १९९०च्या सुमारास त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात लोकांच्या गप्पांतले १,२०० हशे टिपले. हशाच्या आधीचं वाक्य कोणतं होतं, ते लिहून ठेवलं. त्यातली जेमतेम १० ते २० टक्के वाक्यं विनोदाच्या जवळपास जाणारी होती. बाकीची 'बरं, निघतो मग', 'तू पण ना!' या धाटणीची. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसत होता. आणि माणूस एकटा असताना हसण्याची शक्यता चारचौघांत असतानापेक्षा तीसपट कमी. म्हणजे हसणं ही विनोदाला दिलेली दाद कमी आणि 'मी तुझ्याबरोबर आहे' ही खूण जास्त. डग्लसची पेटी घरात बसलेल्या एकट्या माणसाला ती खोटी सोबत पुरवत होती.

आता खुद्द विनोद सांगणाऱ्या यंत्राकडे येऊ. आयझॅक आसिमॉव्हनं १९५६ साली 'जोकस्टर' नावाची कथा लिहिली. तिच्यात मल्टिव्हॅक हा महासंगणक विनोदांचं मूळ शोधून काढतो आणि ते उघड होताच माणसाची हसण्याची शक्तीच संपते. विनोद समजावून सांगितला की मरतो, ही आपल्या सगळ्यांच्या मनातली भीती आसिमॉव्हनं पार टोकाला नेली. प्रत्यक्षात झालं उलटंच.

१९९०च्या दशकात एडिंबरा विद्यापीठात किम बिन्स्टेड आणि ग्रॅएम रिची यांनी 'जेप' नावाचा संगणकप्रोग्रॅम तयार केला. तो कोट्यांची कोडी बनवत असे. त्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. संगणकाकडे मोठा शब्दकोश असतो. प्रत्येक शब्दाचा उच्चार काय, तो कशाचा प्रकार, त्यात काय असतं, त्याचा समानार्थी कोणता, हे त्यात नोंदलेलं. प्रोग्रॅम एक रूढ शब्दजोडी उचलतो, समजा 'सीरियल किलर', म्हणजे एकामागून एक खून करणारा. मग पहिल्या शब्दासारखाच उच्चार असलेला दुसरा शब्द शोधतो. इंग्रजीत नाश्त्याला दुधात घालून खातात त्या धान्याच्या पदार्थालाही सीरियलच म्हणतात. आता या बनावट जोडीला बनावट अर्थ हवा. धान्यात काय असतं? तंतू. किलरला दुसरा शब्द? खुनी. झालं कोडं: तंतूंनी भरलेल्या खुन्याला काय म्हणाल? सीरियल किलर.

मोठ्या माणसाला यात फारसं काही वाटणार नाही. पण आठ ते अकरा वर्षांच्या मुलांपुढे ही कोडी ठेवली तेव्हा मुलांनी त्यांना विनोद म्हणून ओळखलं. माणसांनी रचलेली कोडी त्यांना अधिक आवडली, तरी यंत्राची अगदीच टाकाऊ ठरली नाहीत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, अत्रे यांच्या कोट्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला याचं फार नवल वाटू नये. कोटीला हिशेब असतोच. जेपनं तो हिशेब कागदावर मांडून दाखवला, आणि विनोद मेला नाही.

या संशोधनाचं पुढे जे झालं, ते या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं. २००३ ते २००७ या काळात ॲबर्डीन, एडिंबरा आणि डंडी या तीन स्कॉटिश विद्यापीठांनी मिळून जेपची सुधारलेली आवृत्ती बनवली. तिचं नाव 'स्टँडअप'. ती होती बोलता न येणाऱ्या मुलांसाठी. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांच्या जिभेवर, ओठांवर, हातांवर ताबा राहत नाही, अशी मुलं संवादासाठी चित्रांच्या पाट्या किंवा बोलणारी उपकरणं वापरतात. त्या उपकरणांत शब्द कोणते भरलेले असतात? पाणी हवं. दुखतंय. शौचाला जायचंय. हो. नाही. सगळे गरजेचे, आणि बहुतेक सगळे मोठ्यांनी विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं. स्वतःहून कुणाला काही म्हणावं, कुणाला कोड्यात टाकावं, चकवावं, याला त्यात जागाच नसते. बाकीची मुलं शाळेच्या मधल्या सुट्टीत आचरट कोडी घालून एकमेकांना पिडतात आणि त्यातून भाषा शिकतात. या मुलांच्या वाट्याला तो खेळ आलेलाच नसतो.

'स्टँडअप'मध्ये पडद्यावर चित्रं होती. बोटानं स्पर्श करून, किंवा तेवढंही जमत नसेल तर एकच मोठं बटण दाबून, मूल विषय निवडी: प्राणी, खाणं, शरीर. यंत्र एक नवंकोरं कोडं रचून देई. कोड्याचा प्रश्न यंत्राच्या आवाजात वाजवायचा. समोरचा 'नाही बुवा येत' म्हणेपर्यंत थांबायचं. मग बटण दाबून उत्तर. आवडलेली कोडी साठवून ठेवता येत, उद्या दुसऱ्या कुणाला घालता येत. एका विशेष शाळेत मुलांनी हे काही आठवडे वापरलं. मुलं शिक्षकांना, आईवडिलांना, भेटेल त्याला गाठून कोडी घालू लागली. कोडं रचलं होतं यंत्रानं, पण ते कुणाला घालायचं, केव्हा घालायचं आणि उत्तर कितीक वेळ अडवून धरायचं, हे मुलाच्या हातात होतं. समोरच्या मोठ्या माणसाला उत्तर येत नाही आणि आपल्याला येतं, ही मौज या मुलांनी आधी कितीशी चाखली असेल? हेलब्रुनच्या आर्चबिशपची कळ इथे सगळ्यांत दुबळ्या हातात आली होती.

दरम्यान यंत्रं प्रत्यक्ष रंगमंचावर चढू लागली होती. जपानमध्ये मानझाई नावाचा जुना जोडविनोद आहे, ओसाकाकडची मंडळी त्यात तरबेज. एक जण वेंधळं, भलतंच बोलतो. दुसरा त्याला टोकतो, ताळ्यावर आणतो. तमाशाच्या बतावणीत सरळ बोलणारा आणि सोंगाड्या यांची जुगलबंदी पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. २००५मध्ये जपानी संशोधकांनी दोन रोबोंना समोरासमोर उभं करून मानझाई करायला लावली. पुढे कोबेच्या कोनान विद्यापीठात तर इंटरनेटवरच्या बातम्यांवरून मानझाईची संहिता आपोआप लिहिणारी यंत्रणा तयार झाली. संहिता ठीक होत्या. अवघड होतं ते एकानं दुसऱ्याला टोकण्याचा क्षण पकडणं.

अमेरिकेत रोबोशास्त्रज्ञ हेदर नाइट यांनी २०१०मध्ये एका जाहीर व्याख्यानात 'नाओ' या बनावटीचा 'डेटा' नावाचा छोटा रोबो आणला. प्रेक्षकांच्या हातात लाल-हिरव्या पाट्या दिल्या. विनोद आवडला तर हिरवी, नावडला तर लाल. रोबो पाट्या पाहून आणि हशा-टाळ्यांचा आवाज मोजून पुढचा विनोद निवडायचा. लंडनच्या बार्बिकन केंद्रात २०१३च्या ऑगस्टमध्ये क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 'रोबोथेस्पियन' नावाचा पूर्ण उंचीचा रोबो दोन मानवी विनोदकारांबरोबर एकाच कार्यक्रमात उभा केला. प्रेक्षकांचे चेहरे टिपले जात होते. रोबो ज्याच्याकडे पाहतो, जे हातवारे करतो, त्याचा त्या त्या प्रेक्षकाच्या प्रतिसादावर परिणाम होतो, हे तिथे दिसलं. रोबोचे डोळे म्हणजे दोन छोटे पडदे. त्यामागे कुणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तरी कुणीतरी आपल्याकडे पाहून बोलतंय, एवढं पुरतं.

पण सर्वांत नेटका प्रयोग झाला तो जॉन नावाच्या रोबोचा. हाही नाओच. नेओमी फिटर आणि जॉन व्हिल्क या संशोधकांनी त्याला लॉस एंजेलिस आणि ओरेगनमधल्या खऱ्याखुऱ्या स्टँडअपच्या ठिकाणी नेलं, जिथे लोक संध्याकाळी कॉफी-बिअर घेत बसलेले असतात. विनोद माणसानं लिहिलेले, विषय रोबोचं जगणं. पहिल्या २२ प्रयोगांत फक्त एक गोष्ट बदलली: टायमिंग. कधी रोबो ठरावीक वेळ थांबून पुढचं वाक्य टाकी, कधी हशा ऐकून, तो ओसरायला लागला की मग बोले. शब्द तेच, आवाज तोच, हातवारे तेच. जिथे तो हशासाठी थांबला, तिथे तो लक्षणीयरीत्या जास्त विनोदी ठरला. पुढच्या १० प्रयोगांत त्याला प्रतिसादाची दखल घ्यायला शिकवलं. विनोद लागला तर तसं म्हणायचं, पडला तरी तसं म्हणायचं. पूर्ण कार्यक्रम त्यामुळे अधिक विनोदी झालाच असं नाही, पण ज्या विनोदानंतर अशी दखल घेतली, तो विनोद प्रेक्षकांना बहुतेक वेळा आधीपेक्षा बरा वाटला. पडलेला विनोदसुद्धा.

डग्लसच्या पेटीशी हे ताडून पाहा. ती विनोदानंतर खोटा हशा सोडत होती. जॉन खऱ्या हशाची वाट पाहतो. साठ-सत्तर वर्षांत यंत्र हसण्याकडून ऐकण्याकडे आलं. आपल्या रंगभूमीवरच्या कुठल्याही जाणत्या नटाला हे सांगावं लागत नाही. 'बटाट्याची चाळ'चं ध्वनिमुद्रण कान देऊन ऐका: पु. ल. वाक्य टाकतात, हशा चढतो, शिखरावर जातो, उतरणीला लागतो आणि तो पूर्ण विझायच्या आत पुढचा शब्द येतो. हे आपण 'विनोदाची उपजत जाण' म्हणून सोडून देत होतो. जॉननं ते वेगळं काढून, मोजून दाखवलं.

२०२२मध्ये क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी एरिका या स्त्रीरूप रोबोला समोरच्याबरोबर हसायला शिकवलं. कधी हसायचं, कधी नाही, आणि हसायचं तर नुसतं स्मितासारखं सौम्य की मोकळं, हे तिनं ठरवायचं. कुणी स्वतःच्या अडचणीबद्दल अवघडून हसतं तेव्हा रोबो मोकळेपणानं हसला, तर ते क्रूर वाटतं. इतकी साधी गोष्ट शिकवायला प्रत्यक्ष संवादांतले हशे तपासावे लागले. मित्राशी मारतो तशा गप्पा रोबोशी मारायला अजून दहा-वीस वर्षं तरी लागतील, असं त्यांनीच सांगितलं.

मग आले भाषेची प्रचंड प्रारूपं वापरणारे प्रोग्रॅम. २०२३मध्ये दोन जर्मन संशोधकांनी चॅटजीपीटीला पुन्हा पुन्हा विनोद सांगायला लावले. जमलेल्या १,००८ विनोदांपैकी ९० टक्क्यांहून अधिक हे त्याच २५ विनोदांची आवर्तनं निघाली. प्रारूपं तेव्हापासून सुधारली आहेत, हा आकडा आज तसाच राहणार नाही. मला जास्त विचार करायला लावतो तो त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास. एडिंबराच्या महोत्सवात आणि ऑनलाइन मिळून २० व्यावसायिक विनोदकारांनी ही प्रारूपं वापरून पाहिली. रचना जमवायला, सुरुवात करून द्यायला त्यांचा उपयोग झाला. विनोद मात्र बेचव निघाले. ५०च्या दशकात जहाजावरच्या प्रवाशांना ऐकवत तसे. आणि एक गंभीर तक्रार पुढे आली. आक्षेपार्ह काही निघू नये म्हणून लावलेल्या गाळण्या अल्पसंख्याकांचा स्वतःबद्दलचा विनोदही गाळून टाकत होत्या. सोसलेल्या माणसानं स्वतःच्या सोसण्यावर केलेला विनोद यंत्राला धोक्याचा वाटतो, आणि कुणालाच न टोचणारा, सुखवस्तू विनोद सुरक्षित वाटतो. हेलब्रुनची कोरडी बैठक पुन्हा एकदा, नव्या रूपात.

म्हणून यंत्राला विनोद जमला की नाही, या वादात मला फारसा रस नाही. शब्द जमवणं हा विनोदातला सर्वांत सोपा भाग होता, हे जेपनंच दाखवलं. जॉननं थांबण्याचं मोल दाखवलं आणि स्कॉटलंडमधल्या मुलांनी तर विनोद करायची पाळी आपल्यालाही यावी, ही माणसाची किती मूलभूत भूक आहे ते दाखवलं. यंत्राकडून काही मागायचंच असेल, तर ते या तिसऱ्या गोष्टीसाठी मागावं.

मराठीत हे होण्यासारखं आहे. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत घडलेलं 'जेलो' हे चित्रांचं ॲप मराठीत चालतं. 'स्टँडअप'नं ज्या वर्डनेट या शब्दकोशाचा आधार घेतला, त्याच धर्तीचं मराठी वर्डनेटही आयआयटी मुंबईतच तयार झालेलं आहे. देवनागरीत बहुतांशी लिहितो तसा उच्चार होतो. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आणि शब्दाच्या अखेरचा अ सांभाळला की समान उच्चारांचे शब्द शोधणं इंग्रजीपेक्षा सोपं जाईल. झाडाचं पान, पुस्तकाचं पान, पंगतीतलं पान, विड्याचं पान: एका शब्दात चार कोडी बसली आहेत, आणि असे शब्द मराठीत ढीगभर आहेत. संगणकभाषाशास्त्राचे विद्यार्थी, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शाळांतले शिक्षक यांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावं. साहित्य तयार आहे, आणि मुलं वाट पाहत आहेत.